घरामागचा ओढा: माझ्या साकवाला परवाना, त्यांच्या पोकलेनला सूट?

परसबागवाला
मंडळी, जाणकारांनी जरा उजेड पाडा.

मी इंडियानात राहतो. चार वर्षांपूर्वी गावाबाहेर पाऊण एकर जागा आणि घर घेतलं. मागच्या हद्दीला ओढा आहे. ओढा म्हणायचं आपलं कौतुकानं. फूटपट्टी लावून खणल्यासारखा सरळ चर आहे. ऑगस्टात घोटाभर पाणी, आणि मार्चमध्ये बर्फ वितळताना वरून पाऊस आला की छातीभर. पलीकडे सोयाबीन, त्यामागे झाडी, तिथे हरणं येतात. गेल्या वर्षी मनात आलं, शेतकऱ्याची हरकत नाही तर बारा फुटांचा लाकडी साकव टाकावा. मी मूळचा देवरुखकडचा. पाऊस सरला की वडिलांबरोबर वहाळावर साकव घालायला जायचो, त्यामुळे यात काय एवढं, असं वाटलं.

चौकशी केली. राज्याचा पूरमार्गातल्या बांधकामाचा परवाना, नकाशे, लगतच्या जमीनमालकांना नोटिसा, शिवाय काउंटीच्या (आपला जिल्हा म्हणा) ड्रेनेज बोर्डाची लेखी संमती. सोडून दिलं.

आता परवा काउंटी सर्व्हेअरच्या ऑफिसातून पत्र आलंय. या शरदात ते ओढ्याची सफाई करणार. काठापासून ७५ फुटांपर्यंत आत यायचा त्यांना हक्क आहे, त्या पट्ट्यातली झाडं आणि बांधकामं हटवावी लागू शकतात. माझी दोन नासपतीची झाडं, अवजारांची खोपटी आणि भेंडी-अळूचा वाफा, सगळं त्याच पट्ट्यात! फोन करून विचारलं, तुम्ही राज्याचा परवाना काढलात का? पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, आम्हाला या कामाला लागत नाही.

तर प्रश्न असा: चार फळ्या टाकायला मला परवाना, आणि वीस टनांचं मशीन घालायला त्यांना सूट, हा कुठला न्याय? आणि झाडं वाचतील का?

टवाळ_१
झाडांचं नंतर बघू. अमेरिकेत अळू येतं? फदफद्याचा फोटो टाकल्याशिवाय सल्ला मिळणार नाही.

गाळमाती
टवाळा, थांब जरा. हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. गेली अकरा वर्षं याच राज्यात ड्रेनेजच्या नकाशांवर डोळे फोडतोय.

पबा, तुमच्या मागचा तो ओढा कायद्याच्या भाषेत बहुधा 'रेग्युलेटेड ड्रेन' आहे. म्हणजे काउंटीच्या ड्रेनेज बोर्डाच्या ताब्यातला निचरा. तो उघडा चर असू शकतो, जमिनीखालची नळांची ओळ असू शकते किंवा दोन्ही. या पाणलोटातले सगळे जमीनमालक त्याच्या देखभालीसाठी वर्गणी भरतात. तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलात एक बारकी ओळ असेल, बघा. ७५ फूट उघड्या चराला काठाच्या वरच्या कडेपासून मोजतात, जमिनीखालच्या नळाला मध्यरेषेपासून. त्या पट्ट्यात पक्कं बांधकाम किंवा झाडं लावायची तर बोर्डाची लेखी संमती हवी. पिकं घेता येतात, पण स्वतःच्या जबाबदारीवर. कामात तुडवली गेली तर भरपाई नाही. तुमची भेंडी त्यात आली.

आता सूट. राज्याचा पूर नियंत्रण कायदा म्हणतो की पूरमार्गात बांधकाम, उत्खनन, भराव करायचा तर नैसर्गिक संसाधन खात्याचा परवाना घ्या. एक चौरस मैलाहून जास्त पाणलोट असलेल्या प्रवाहांशी त्या खात्याचा संबंध येतो. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: ओढा किंवा उघडा रेग्युलेटेड ड्रेन एकूण १० मैलांपेक्षा लांब नसेल, तर ड्रेनेज कायद्याखाली होणाऱ्या देखभालीच्या किंवा पुनर्बांधणीच्या कामाला हा परवाना लागत नाही. 'एकूण' या शब्दाखाली रेघ मारा. काम अर्धा मैल आहे की पाव, याला महत्त्व नाही. ओढा मुखापासून उगमापर्यंत किती, ते मोजायचं. साडेदहा मैलांच्या ओढ्यावर दोनशे फूट गाळ काढायचा असला तरी या अपवादाखाली सूट नाही.

तुमचा साकव ना देखभाल, ना पुनर्बांधणी, ना बोर्डाचं काम. म्हणून तो या सुटीत बसत नाही. ही सूट त्या कामाला आहे, माणूस बघून दिलेली नाही.

परसबागवाला
टॅक्सच्या बिलात खरंच ओळ आहे! चार वर्षं मी ती कचऱ्याची फी समजत होतो. नकाशावर बोटानं मोजलं, नदीला मिळेपर्यंत साधारण सहा मैल भरतोय. म्हणजे सुटीत.

आमच्या ओढ्याला कुणा माणसाचं आडनाव आहे, तेही आज कळलं.

गाळमाती
ज्यानं पूर्वी कधी अर्ज केला असेल त्याचं नाव. इथे निम्म्या चरांना अशीच नावं आहेत. शेतकरी गेला, घराणं शिकागोला गेलं, चर राहिला.

वहाळकर
काय नशीब! आमच्याकडे वहाळ असलेल्यांची नावं विसरतात आणि वहाळ बुजवणाऱ्याच्या नावानं कॉम्प्लेक्स उभं राहतं.

खेकडा
गाळमाती यांनी कायदा बरोबर सांगितला, पण इतक्या मायेनं सांगितला की सगळं आलबेल वाटावं. मी गोड्या पाण्यातल्या जीवांवर काम करते, तेव्हा दुसरी बाजू.

त्यांच्या वाक्यात 'देखभालीच्या किंवा पुनर्बांधणीच्या' असं आलंय. तिथेच गोम आहे. देखभाल म्हणजे गाळ काढणं, झुडपं मारणं, अडथळे हटवणं. त्याला माझी फारशी हरकत नाही. पण या ड्रेनेज कायद्यात पुनर्बांधणी म्हणजे रुंद करणं, खोल करणं, मार्ग बदलणं, लांबी वाढवणं, हे सगळं येतं. आणि सूट दोन्हींना! म्हणजे नऊ मैलांचा वळणावळणाचा ओढा बोर्डानं पुनर्बांधणी म्हणून सरळ केला, तरी राज्याचा तो परवाना आड येत नाही. छोटे ओढे म्हणजे नदीची केशवाहिन्यांची जाळी. मासे अंडी घालतात ती तिथे, शिंपले तिथे. आणि सूट नेमकी छोट्यांनाच.

काठावरची झाडं तोडली की सावली गेली, पाणी तापलं, शेवाळ माजलं, प्राणवायू उतरला. मग मासे मेले की आम्हाला बोलावतात, बाटल्या घेऊन.

मकापट्टा
खेकडाताई, तुमचं पटतं, पण पोटाचंही बघा की. मी इथल्या शेतकऱ्यांबरोबर बियाण्यांच्या कामात आहे. हा मुलूख मुळात दलदल. उत्तरेकडच्या कँकाकीच्या खोऱ्यात सुमारे पाच लाख एकर पाणथळ होती, नदीला दोन हजारांवर वळणं होती असं सांगतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ती चरासारखी सरळ केली, तेव्हा कुठे मका उभा राहिला. चर तुंबला तर शेताखालच्या निचऱ्याच्या नळांची तोंडं पाण्याखाली जातात, पाणी उलटं चढतं आणि मे महिन्यात ट्रॅक्टर शेतात घालता येत नाही. पेरणी दोन आठवडे लांबली की काय होतं, हे कोरडवाहूवाल्यांना वेगळं सांगायला नको. आणि झाड पडून पाणी तुंबल्यावर परवान्याची फाईल फिरेपर्यंत थांबायचं कसं? सूट त्यासाठीच आहे.

खेकडा
पडलेलं झाड आणि बदललेला मार्ग यांत फरक आहे, एवढंच म्हणतेय. १७८०च्या दशकापासून दोनशे वर्षांत इंडियानानं आपल्या सुमारे ८७ टक्के पाणथळ जागा घालवल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच जागांचं राज्याचं संरक्षण २०२१ मध्ये आणखी ढिलं केलं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सॅकेट खटल्यातल्या निकालानं पाणथळ जागांवरचा केंद्राचा हातही आखडला. आता प्रत्येक सूट बारकाईनं बघायला नको?

आणि तुमच्या नळांतून येणारं नायट्रेट वाबाश नदीतून ओहायो नदीत, तिथून मिसिसिपीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात जातं. तिथे दर उन्हाळ्यात समुद्राचा मोठा पट्टा गुदमरतो. पबांच्या अळवापासून आखातापर्यंत एकच पाणी आहे.

टवाळ_१
अळवावरचं पाणी इतकं लांब जातं?

गाळमाती
टवाळ, हा मात्र मानला.

खेकडाताई, पुनर्बांधणीचा मुद्दा रास्त आहे. एक भर घालतो. राज्याची सूट मिळाली म्हणजे सगळ्यांची मिळाली, असा समज काही काउंट्यांतही आहे, आणि तो महागात पडतो. केंद्राचा स्वच्छ पाणी कायदा वेगळा. त्यातल्या कलम ४०४ मध्येही निचऱ्याच्या चरांना सूट आहे, पण फक्त देखभालीला, नव्या बांधकामाला नाही. म्हणजे मूळ आराखड्याएवढी रुंदी-खोली परत आणायची, एक फूटही जास्त नाही. मूळ आराखडा सापडत नसेल तर? तिथे आमची ऑफिसं जुने कागद हुंगत बसतात. एकदा तागाच्या कापडावर शाईनं काढलेला नकाशा मिळाला होता, कडा उंदरांनी खाल्लेल्या, आणि नेमकी खोलीची रेघ उंदराच्या पोटात. शिवाय दहा एकरांहून मोठा तलाव अर्ध्या मैलाच्या आत असेल आणि चराचा तळ त्याच्या नेहमीच्या पातळीखाली जाणार असेल, तर राज्याचा आणखी एक परवाना येतो. कारण चर खोदता खोदता शेजारचा तलाव रिकामा करण्याचे उद्योग पूर्वी झालेत.

कोरडवाहू
धागा वाचतोय आणि हसतोय. आमच्याकडं संगमनेर बाजूला सूट-बिट काही नाही. परवाना कुणी विचारत नाही आणि ओढाही कुणी साफ करत नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणं नद्या-नाले सरकारच्या मालकीचे. गावच्या नकाशावर ओढ्याची दुहेरी रेघ असती. प्रत्यक्षात वरच्या बांधकऱ्यानं दरवर्षी एक फाळ आत, खालच्यानं एक फाळ आत, असं करता करता आमचा ओढा वीस फुटांचा सात फुटांवर आला. वरच्यानं तर शेवटी मुरूम टाकून बुजवलाच आणि कांदा लावला. पाऊस झाला अन् सगळं पाणी माझ्या डाळिंबात. तेल्या रोगानं आधीच निम्मी बाग नेलेली, उरलेली पाण्यात.

मामलेदार कोर्ट कायदा म्हणून १९०६ चा एक जुना कायदा आहे, तो आजही चालतो. नैसर्गिक वाहतं पाणी कुणी अडवलं तर तहसीलदाराकडं दावा लावता येतो, पण सहा महिन्यांच्या आत. मी पहिलं वर्ष भावकीच्या मध्यस्थीत घालवलं. मग पुढच्या पावसात त्यानं परत भर टाकली तेव्हा त्या तारखेपासून धरून दावा लावला. तहसीलदार आले, गाडीतून उतरले नाहीत कारण चिखल. म्हटलं साहेब, हाच तर दावा आहे! हसले आणि उतरले. बूट गेला त्यांचा एक.

आदेश मिळाला. आता ओढा अकरा फूट आहे. वरच्याशी बोलणं बंद आहे, पण त्याची बायको आमच्याकडं वाणाला येती.

वहाळकर
'साहेब हाच तर दावा आहे' हे फ्रेम करून लावा.

बेसमेंटवाली
माझा प्रश्न जरा वेगळा. मीही इंडियानात, पण आमच्यामागे खरा ओढा आहे, वळणावळणाचा, कुणाच्या नावाचा नाही. काउंटी म्हणते तो आमचा ड्रेन नाही. मागच्या मे महिन्यात शेजाऱ्याच्या हद्दीत दोन मोठी झाडं आडवी पडली, त्यांत फांद्या, एक ट्रॅम्पोलिन आणि कुणाचं तरी कुत्र्याचं घर अडकलं. रात्री दोनला बेसमेंटमधलं पाणी उपसणारा सम्प पंप थकला आणि बेसमेंट भरलं. गौरीचे मुखवटे वरच्या फळीवर होते म्हणून वाचले. मुलीचं सगळं बाळपण खालच्या खोक्यांत होतं. फोटो एकेक सोडवून टॉवेलवर वाळत घातले, चिकटलेले निघेनात. शेजारी म्हणतो, झाडं देवानं पाडली.

गाळमाती
वाईट वाटलं ताई. असे नैसर्गिक प्रवाह ड्रेनेज बोर्डाच्या ताब्यात नसले तरी त्यांतल्या अडथळ्यासाठी तुम्ही बोर्डाकडे अर्ज करू शकता. कायद्यात त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. सर्व्हेअर पाहणी करतो, सुनावणी होते, आणि अडथळा खरा ठरला तर बोर्ड तो काढायचा आदेश देऊ शकतं किंवा स्वतः काढू शकतं. आधी शेजाऱ्याला एक साधं पत्र लिहा, फोटो आणि तारखा जोडून. लाकूड तळात रुतलेलं नसेल, नुसतं अडकलं असेल, तर काम सोपं असतं. रुतलेलं उपटायला तळ खणावा लागतो, तिथे परवान्याचा प्रश्न येतो. आणि ट्रॅम्पोलिनला देव जबाबदार नाही, हे पत्रात लिहू नका, पण मनात असू द्या.

डचकाकू
या वादात आमचे डच लोक काय करतात ते सांगते. उत्रेख्तजवळ राहते, तीस वर्षं झाली. इथे पाण्याचा कारभार बघणारी वेगळी मंडळं आहेत, वाटरस्खाप म्हणतात. सध्या २१. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात, कर वेगळा. रेइनलँडचं मंडळ तर १२५५ सालच्या सनदेचं, म्हणजे ज्ञानेश्वर माऊलींच्याही जन्माआधीचं!

शेताला किंवा घराला लागून चर असेल तर आपल्या बाजूचा तो साफ ठेवणं आपलं कर्तव्य. शरदात तपासणी असते, तिला स्खाव म्हणतात. माणूस काठाकाठानं चालत येतो आणि बघतो. पहिल्या वर्षी आम्ही सगळं गवत काढून तळ लख्ख केला, दिवाळीची साफसफाईच जणू. शेजारचे आजोबा बघून म्हणाले, बेडकांनी हिवाळ्यात कुठे झोपायचं? आता निम्मं काढतो, निम्मं ठेवतो.

मकापट्टा
पण डचकाकू, तुमच्याकडे परवाना नाही, कर्तव्य आहे. इथे मालकानं स्वतः हात लावायचा नाही आणि बोर्ड येईल तेव्हा येईल. दोन्ही टोकं.

पोरसांतलो
गोंयचें दोन शब्द, मराठीत लिहितो. आमच्या खाजन शेतांत भरतीचं खारं पाणी अडवायला बांध आणि पाणी आत-बाहेर सोडायला मानस असते, लाकडी दाराची. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. पूर्वी गांवकरी मिळून बांध सांभाळत. चिखल, पेंढा, दगड. त्या कामाला परवाना कोण विचारणार? आता किनारपट्टीच्या नियमांत खाजनाला संरक्षण आहे, चांगलंच आहे, पण दुरुस्तीचा अधिकार नेमका कुणाचा यावर बैठक होईपर्यंत भगदाड मोठं होतं. एका पावसात आमच्या वाड्याखालचा बांध फुटला, शेतात खारं पाणी तीन वर्षं राहिलं. आता तिथे खारफुटीचं रान आहे आणि पक्षी बघायला लोक दुर्बिणी घेऊन येतात. खेकडाताईंना आवडेल. माझ्या आईला आवडत नाही.

खेकडा
पोरसांतलो, मला यात 'आवडेल' असं सरळ म्हणवत नाही. तुमच्या आईचं शेत गेलं.

मकापट्टा यांना: भांडण बाजूला ठेवून एक उपाय सांगते. दुमजली चर. नेहमीच्या चराच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या जरा वर सपाट ओटे कापायचे. कमी पाणी मधल्या अरुंद नाळेतून जातं, पूर आला की ओट्यांवर पसरतो. ओट्यांवर गवत वाढतं, गाळ तिथे बसतो, नायट्रेटही थोडं कमी होतं. इंडियानात कोसियस्को काउंटीत शॅटो डिचवर नोत्र दाम विद्यापीठाच्या लोकांनी २००७ मध्ये असा चर करून वर्षानुवर्षं मोजमाप ठेवलंय. काठाची थोडी जमीन जाते, पण काठ ढासळत नाहीत आणि गाळही सारखा काढावा लागत नाही.

मकापट्टा
शॅटो डिच मी पाहिलाय. मान्य. फक्त जाणाऱ्या जमिनीचं आमच्या म्हाताऱ्यांना तुम्ही समजवा, मी कॉफी आणतो.

टवाळ_१
ओटे म्हणजे ओढ्याला घाट बांधले की हो. उद्या तिथे नारळ फोडतील.

कोरडवाहू
आमच्याकडं जलयुक्त शिवारात नाले पोकलेननं एवढे खोल केले की काही ठिकाणी ढोर पडलं तर निघंना. काठाला उतारच नाही, सरळ भिंत. पाणी दिसलं, फोटो झाले. दोन पावसांत काठ ढासळून भरले. तेव्हा कुणी हे ओटे दाखवले असते तर बरं झालं असतं.

परसबागवाला
उशिरा लिहितोय, माफ करा. काम होऊन गेलं.

गाळमातींच्या सल्ल्यानं पत्र लिहून सर्व्हेअरच्या माणसाला आधीच बोलावलं होतं. साठीचा असेल, डोक्यावर बियाणं कंपनीची टोपी, हातात रंगाचा डबा. पट्टा मोजला. एक नासपती काठापासून अठरा फुटांवर, तिच्यावर केशरी फुली. दुसरी साठ फुटांवर, तिच्यासाठी बोर्डाकडे संमतीचा अर्ज करायला सांगितला; मिळाली, पण काम आलं तर तोडावी लागेल या अटीवर. खोपटी चार ठोकळ्यांवरच होती, आम्ही तिघांनी ढकलत मागे नेली. मी विचारलं, मशीन पलीकडून चालवता येईल का? सोयाबीन निघालेलं होतं. म्हणाला, एका काठावरूनच काम करतो आम्ही, तुमच्या बाजूची झुडपं सावलीला ठेवू. खेकडाताई, हे ऐकून तुमची आठवण आली.

दोन दिवस पोकलेन होतं. पहिल्या बादलीतून काळा, अंड्यासारख्या वासाचा चिखल निघाला आणि त्यात चिमुकले खेकड्यासारखे नांगीवाले जीव वळवळत होते. मुलानं बादलीत भरून वरच्या अंगाला सोडले, बत्तीस मोजले म्हणाला. गाळ पलीकडच्या शेतात पसरला. तिसऱ्या दिवशी आमच्या बाजूच्या काठातून एक मातीच्या नळाचं तोंड उघडं पडलं, लालभडक, फूटभर लांबीचा तुकडा, आणि त्यातून बारीक धार सुरू झाली. ती धार माझ्याच अंगणाखालून येतेय! आमच्या मागच्या हिरवळीवर दर वसंतात साचणारं डबकं त्या नळामुळे होतं. तोंड गाळात बुजलेलं होतं, बस्स. या आठवड्यात दोन इंच पाऊस झाला, डबकं नाही.

पहिली नासपती गेली. बुंधा मी मागून घेतला.

साकवाचा विचार तूर्त सोडला. पाव मैलावर रस्त्याचा कल्व्हर्ट आहे, तिथून वळसा घालून पलीकडे जातो. हरणं आता या बाजूला येतात, कारण ओढा उतरायला सोपा झालाय, आणि उरलेल्या नासपतीचं खोड सोलतात.

गाळमाती
नळाच्या तोंडाला जाळीची झडप बसवून घ्या, नाहीतर कस्तुरीउंदीर घर करतील. आणि बसवण्याआधी सर्व्हेअरला फोन करा.

बेसमेंटवाली
माझ्या अर्जाची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. शेजाऱ्यानं ट्रॅम्पोलिन रातोरात काढलं. झाडं अजून देवाचीच आहेत.

टवाळ_१
आणि अळू?

परसबागवाला
पहिल्या थंडीच्या आत कंद काढून गॅरेजमध्ये वाळूत ठेवलेत. मे महिन्यात लावीन, ७५ फुटांच्या पलीकडे.